पोट्ट्यात दम हाये, पण...

अमरावतीत परवा शालेय बास्केटबॉलचा एक सामना पाहिला. मैदानात खेळणारे दहा, कडेला बघणारे चाळीस. आणि त्या चाळिसांतले किमान पस्तीस निवड समितीवर.

समिती कुणी नेमली? कुणीच नाही. वऱ्हाडात निवड समिती नेमावी लागत नाही, ती चहाबरोबर येते.

चर्चेचा विषय अकरावीतला एक पोरगा. पॉइंट गार्ड. म्हणजे चेंडू वर घेऊन जाणारा आणि बाकी चौघांना कामाला लावणारा. लग्नघरात ज्याच्या कमरेला कोठीच्या किल्ल्या असतात ना, तो. स्वतः जेवतो शेवटी, पण त्याच्यावाचून पंगत बसत नाही.

"पोट्ट्यात दम हाये," पहिला म्हणाला.

"हाये ना. पण डावा हात कच्चा हाये."

"पण उंची थांबली त्याची. बापच पाच-चार हाये."

"पण नागपुरात कोण हाये त्याचं?"

चार वाक्यांत कारकीर्द आटोपली. पोरगा तेव्हा पहिल्याच क्वार्टरमध्ये धावत होता.

ही खोड फक्त आपलीच आहे, असं समजून लाजू नका. अमेरिकेत तिचा कारखाना आहे. तिथे शाळकरी बास्केटबॉलपटूंना तारे देतात, हॉटेलांना देतात तसे. पाच तारे म्हणजे हिरा. तीन तारे म्हणजे बरा. एकही तारा नाही म्हणजे बाळा, अभ्यास कर.

उंची मोजतात, पसरलेल्या हातांची लांबी मोजतात, उडी मोजतात. मग एक दिवस शाळेच्या हॉलमध्ये टेबलावर तीन-चार कॉलेजांच्या टोप्या मांडतात. पोरगा एक उचलून डोक्यावर घालतो. आई रडते, बाप फोटो काढतो. याला म्हणतात 'कमिट' होणं.

आपल्याकडे याला साखरपुडा म्हणतात.

आणि साखरपुड्यासारखाच तो मोडतोही. तोंडी शब्दाला कुणीच बांधील नसतं. पूर्वी निदान सही करायचा एक राष्ट्रीय कागद होता, ऑक्टोबर २०२४ मध्ये तोही निकालात निघाला. त्याआधीच, जुलै २०२१ पासून, कॉलेजातल्या खेळाडूला स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसे घ्यायला परवानगी मिळाली होती. म्हणजे सतरा वर्षांच्या पोराच्या डाव्या हातावरून पन्नाशीतले गृहस्थ रात्र-रात्र भांडत होतेच, आता त्यात भावही आला.

भाव म्हटलं की वऱ्हाडी माणूस खुर्ची पुढे ओढतो.

कारण कच्चा माल बघून पक्का सौदा करणं आपल्याला कुणी शिकवायला नको. वरूड-मोर्शीकडे संत्र्याचा व्यापारी बगीच्यात शिरतो तेव्हा फळ हिरवंगार असतं. तो झाडं मोजतो, फांदी वाकवतो, दोन फळं तळहातावर तोलतो आणि इसार देऊन मोकळा होतो. तोड दिवाळीच्या आगेमागे. मधे पाऊस आहे, कोळशी आहे, फळगळ आहे. आंबिया बहाराची फळगळ तर दरवर्षी नव्याने बातमी होते. इसार दिलेला व्यापारी तेव्हा बांधावर येतो का?

येतो. भाव पाडायला.

तिकडचं कमिट आणि इकडचा इसार यांत फरक एवढाच, की संत्र्याला टोपी घालत नाहीत.

अकोल्यात पारख कापसाची. ग्रेडर ढिगात हात घालतो, आतला कापूस उपसतो, चिमटीत धरून ओढतो, धागा बघतो. शेतकऱ्याचं आख्खं वर्ष त्या चिमटीत. पिढ्यान्‌पिढ्या ज्या शहराने ही चिमूट पाहिली, ते क्रिकेटच्या नेटमध्ये खेळणाऱ्या चौदा वर्षांच्या पोराकडे दुसऱ्या कोणत्या नजरेने बघणार?

फक्त ग्रेडरकडे ओलावा मोजायचं यंत्र तरी असतं. चहाच्या टपरीकडे बिस्किटाची बरणी.

आता प्रत्यक्ष माल बघू.

अथर्व तायडे. जन्म अकोल्याचा, एप्रिल २०००. २०१७-१८ च्या हंगामात कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात पठ्ठ्याने मध्य प्रदेशाविरुद्ध ३२० धावा ठोकल्या. वय १७. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने वऱ्हाडातला कापूस बोंडातच खाऊन टाकला होता. शहराला एखादी धड बातमी हवी होती, ती मिळाली. त्यात १ जानेवारी २०१८ ला विदर्भाने दिल्लीला लोळवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. १९५७-५८ पासून विदर्भ या नावाने खेळतोय आपण, साठ वर्षं लागली. त्या थंडीत शेकोट्यांवर ठराव एकमताने मंजूर झाला: दोन वर्षांत इंडिया.

दोन वर्षांत. लेखी कुणी दिलं नाही.

त्याच हिवाळ्यात पृथ्वी शॉच्या हाताखालचा एकोणीस वर्षांखालचा संघ न्यूझीलंडहून विश्वचषक घेऊन आला. अथर्व त्या संघात नव्हता. लगेच दुसरा ठराव: नागपूरवाल्यांनी मारलं. एकोणीस वर्षांखालचा भारताचा संघ नागपूरवाले निवडत नाहीत, ही किरकोळ अडचण कुणी मांडली नाही.

जुलै २०१८. एकोणीस वर्षांखालचा नवा संघ श्रीलंकेत. कोलंबोच्या पहिल्या सामन्यात सलामीला अथर्वचं शतक. पुढच्या सामन्यात १७७. मथळे कुणाचे? अर्जुन तेंडुलकर शून्यावर बाद झाला त्याचे.

अकोल्याच्या शतकापेक्षा वांद्र्याचं शून्य मोठं असतं, हे गणित त्या दिवशी कळलं.

पण मथळेवाल्यांना तरी काय बोलावं? अर्जुन बिचाऱ्याचं मूल्यमापन तर पाळण्यातच सुरू झालं होतं. आडनाव बघून धागा ओळखणारे ग्रेडर देशभर आहेत. तो पोरगा मैदानात उतरला की लोक त्याचा खेळ बघत नाहीत, वारसा हक्काची नोंद बघतात.

पुढची काही वर्षं अथर्व विदर्भाकडून मुकाट खेळत राहिला. टपरीवर एकच शब्द.

"गेला."

कुठे गेला? नागपूरला सरावाला गेला होता. पण टपरीच्या भाषेत पेपरात नाव न येणं म्हणजे जाणं.

आता दुसरी गाठोडी सोडा. जितेश शर्मा. अमरावतीचा, जन्म ऑक्टोबर १९९३. यष्टिरक्षक. २०१६ मध्ये मुंबई इंडियन्सने घेतला. अमरावतीत पेढे वाटले गेले असतील, मला मिळाले नाहीत. मुंबईने त्याला एकही सामना खेळवला नाही. मग सोडला. मग चार हंगाम आयपीएलमध्ये नावही नाही. पेढ्यांचे कागद तेवढे उरले.

"म्या तं तेव्हाच म्हटलं होतं, मुंबईत आपल्या पोट्ट्याले कोन इचारते."

म्हटलं होतं? तेव्हा तर म्हटलं होतं, धोनीची जागा पक्की.

एप्रिल २०२२ मध्ये पंजाबकडून तो आयपीएलचा पहिला सामना खेळला तेव्हा २८ वर्षांचा होता. बोली २० लाखांची. टपरी म्हणाली, आता कायचं, वय झालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये आशियाई खेळांत, हांगचौला, नेपाळविरुद्ध भारताची टोपी मिळाली. तिशीला तीन आठवडे बाकी. अमेरिकेत सतराव्या वर्षी टोपी घालतात. आमच्याकडे टोपी पडायला उशीर लागतो, आणि घातली की दुसऱ्याच दिवसापासून लोक ती कधी निघते ते बघतात.

आणि या टोपीच्या आधीची, १७ मे २०२३ ची ती रात्र. तिच्याबद्दल जरा सावकाश बोलू, कारण वऱ्हाडाच्या इतिहासात अशी रात्र पुन्हा येणे नाही.

धरमशाला. पंजाब विरुद्ध दिल्ली. समोर २१४ चं लक्ष्य. पंजाबकडून तिसऱ्या नंबरवर अकोला, म्हणजे अथर्व. पाठोपाठ पॅड बांधून बसलेली अमरावती, म्हणजे जितेश. अथर्वने ४२ चेंडूंत ५५ केल्या. धावा बऱ्या, पण वेग पुरेना. तेव्हा पंधराव्या षटकानंतर संघाने त्याला परत बोलावलं. बाद नाही, जखमी नाही, पोटात कळ नाही. 'रिटायर्ड आउट'. म्हणजे बाबा, तू चांगला आहेस, आता घरी ये.

आणि त्याच्या जागी जोरदार फटके मारायला कोण आलं? अमरावती.

अमरावतीने किती केल्या?

शून्य.

पंजाब १५ धावांनी हरलं. धरमशालेत हिमालयावर बर्फ पडत असेल नसेल, इकडे बडनेरा ते मूर्तिजापूर आग लागली. अकोल्याचं म्हणणं, आमचा सेट झालेला पोरगा तुमच्या शून्यासाठी उठवला. अमरावतीचं म्हणणं, तुमच्याने ४२ चेंडू खाल्ले म्हणून आमच्याला पहिल्या चेंडूपासून आंधळा दांडपट्टा फिरवावा लागला. विभागीय आयुक्तालय, विद्यापीठ, नव्या गाड्यांचे थांबे, सगळे जुने हिशेब त्या ४२ चेंडूंत निघाले.

दोन पोरं एकाच संघात, एकाच डावात, एकामागून एक. आपल्या भागासाठी केवढी गोष्ट! कुणी म्हटलं का, की बघा, आयपीएलच्या एका डावात आज आपले दोघं खेळले?

म्हटलं असतं. पण मग भांडायचं कशावर?

एवढं मात्र सांगतो, त्या रात्री पंजाबच्या बाकावर जे मूल्यमापन झालं त्यात आणि आपल्या टपरीवरच्या मूल्यमापनात फार अंतर नव्हतं. त्यांच्याकडे लॅपटॉप होता, इतकंच. निकाल तोच लागला.

आणखी पुढे. नोव्हेंबर २०२४ चा लिलाव. जितेशवर बंगळुरूची बोली ११ कोटी. वीस लाखांचे ११ कोटी, म्हणजे ५५ पट. टपरीवर तातडीने हिशेब झाला. लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये. म्हणजे एक जितेश बरोबर साडेचौदा हजार क्विंटलांवर कापूस.

"एवढा कापूस तं अख्ख्या तालुक्यात निंगत नाई यंदा."

आणि गप्प बसलेला एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "लिलावात बोली वर जाते, हे म्या जिंदगीत पह्यल्यांदा पाह्यलं."

यावर कोण काय बोलणार? चहा गार झाला.

२७ मे २०२५. लखनौ. लक्ष्य २२८. त्या रात्री बंगळुरूचा कप्तानही जितेशच. ३३ चेंडूंत नाबाद ८५. मधेच गोलंदाजाने त्याला दुसऱ्या टोकाला धावबाद करायचा प्रयत्न केला, ऋषभ पंतने अपील मागे घेतलं. ३ जूनला अहमदाबादेत बंगळुरूने अठराव्या हंगामात पहिला करंडक उचलला. हरवलं कुणाला? पंजाबला. ज्यांनी जितेशला सोडला होता त्यांना.

टपरीवर कोण म्हणालं होतं हा गेला म्हणून? कुणीच नाही. सगळ्यांनी २०१६ पासून ओळखला होता.

हीच तर गंमत आहे. खेळाडूची प्रत्येक धाव वहीत जाते. किती चेंडू, किती चौकार, कुठे झेल सोडला, सगळं. पारखणाऱ्याची वही कुठे असते? तो आयुष्यभर नाबाद. सोळाव्या वर्षी ज्याला त्याने धोनी केलं तो आज कुठे आहे, आणि ज्याला निकालात काढलं तो कुठे, याचा धावफलक कोणत्या चौकात लावलाय? राजकमलला? टॉवर चौकात? मला दाखवा, मी हार घेऊन येतो.

मुंबईवाल्यांनी हसू नये. त्यांचं पुस्तक आपल्याहून जाड आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर सचिन आणि विनोद कांबळी ६६४ ची भागीदारी करत होते तेव्हा शारदाश्रम शाळेचा पुढचा फलंदाज पॅड बांधून बसून होता. अमोल मुझुमदार. पुढे रणजीच्या पहिल्याच सामन्यात २६०. मुंबईने एकमुखाने सांगितलं, हा पुढचा तेंडुलकर. भारताकडून एक सामना नाही खेळला.

आणि २ नोव्हेंबर २०२५ ला भारताच्या मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचा प्रशिक्षक कोण होता? तोच, पॅड बांधून बसलेला. हे भाकीत कोणत्या जिमखान्यात झालं होतं, जरा सांगाल?

शाळकरी धावांचं तर विचारूच नका. २०१३ मध्ये हॅरिस ढालीत ५४६ करणारा पृथ्वी शॉ, पहिल्या कसोटीत शतक, आणि नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात त्याचं नाव पुकारलं तेव्हा सभागृहात पाणी प्यायचा आवाज ऐकू येत होता. कल्याणच्या एका पंधरा वर्षांच्या पोराने जानेवारी २०१६ मध्ये शालेय सामन्यात नाबाद १००९ केल्या. हजार! एका डावात! देशाने त्याला डोक्यावर घेतलं, कॅमेरे दारात उभे केले, आणि दोन वर्षांत कॅमेरे दुसऱ्या दारात गेले.

फळगळ. पण ती झाडाच्या दोषाने झाली, की बगीच्यात रोज पन्नास माणसं फांदी वाकवून बघत होती म्हणून?

बरं, तारेवाल्या अमेरिकेचं तरी काय सोनं झालं? स्टीफन करी. आजच्या जगातला सगळ्यात नावाजलेला पॉइंट गार्ड. बाप एनबीएत खेळलेला, म्हणजे 'नागपुरात कोण हाये' हा प्रश्नही मिटलेला. तरी मोठ्या कॉलेजांनी त्याच्याकडे बघून म्हटलं, काडी आहे. घेतलं डेव्हिडसन नावाच्या छोट्या कॉलेजाने. त्याच्याआधीचा स्टीव्ह नॅश. त्याला शिष्यवृत्ती देणारं कॉलेज एकच निघालं, सांता क्लारा. दोघंही पुढे एनबीएचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. प्रत्येकी दोनदा.

मायकल जॉर्डनला दहावीत असताना शाळेच्या मुख्य संघात घेतलं नव्हतं. त्याऐवजी उंच पोरगा घेतला.

उंची थांबली त्याची, दुसरं काय.

गंमत बघा. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा पदकासाठी खेळला गेला. अंतिम सामना उघड्यावर, पावसात, चिखलात. चेंडू टप्पा खाईना. अमेरिका १९, कॅनडा ८. आणि त्याच बर्लिनमध्ये, त्याच वर्षी, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी आपले देशी खेळ दाखवायला गेली होती. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये काढलेली संस्था. अमरावतीची माणसं बर्लिनला पोहोचली तेव्हा नागपूरचं जामठ्याचं क्रिकेट मैदान कुणाला माहीत होतं?

म्हणजे बास्केटबॉलच्या ऑलिंपिक बारशाला आपण त्याच गावात होतो. नंतर तो कुठे गेला आणि आपण कुठे?

भारतातून एनबीएच्या निवडीत नाव आलेला पहिला खेळाडू पंजाबच्या एका खेड्यातला, सतनाम सिंग भमारा. २०१५ मध्ये, बावन्नावा. उंची सात फूट दोन इंच. एनबीएचा एकही सामना त्याला खेळता आला नाही. महाराष्ट्राने काय दिलं? पुण्याची शिरीन लिमये, भारताच्या महिला संघाची कप्तान झाली. तिचं नाव राजकमल चौकात विचारून बघा. आणि लगेच जितेशचा स्ट्राइक रेट विचारा. फरक तुमच्या लक्षात येईल, उत्तर देणाऱ्याच्या येणार नाही.

मग आमच्या अकरावीतल्या पॉइंट गार्डने कमिट कुठे व्हायचं?

त्याच्या बापाला विचारलं. सामना बघायला आला होता, कोपऱ्यात उभा. समितीवर नव्हता, म्हणून शांत होता.

"अकोल्याले नीटच्या शिकवनीले टाकतो पुढच्या वर्षी," तो म्हणाला. "खेळाचे मार्क तेवढे भेटले पायजेत बारावीले."

हेच आपलं कमिट. अमेरिकेतला पोरगा खेळ पक्का करायला कॉलेज निवडतो, आपला पोरगा मार्क पक्के करायला खेळ निवडतो. सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्या ५ टक्क्यांसाठी लोकांनी बोगस क्रीडा प्रमाणपत्रं काढली, नोकऱ्या लागल्या, मग चौकशा लागल्या. कधी पळाला नाही, कधी उडाला नाही, आणि कागदावर राष्ट्रीय खेळाडू. त्यांचा डावा हात कुणी तपासला होता?

त्यांचा उजवा हात तयार होता. सहीचा.

बापाला हसू नका मात्र. त्याच्यापुढे दोनच फळ्या आहेत. एकीवर लिहिलंय जितेश, अठ्ठाविसाव्या वर्षी पहिला सामना. दुसरीवर एमबीबीएस, तेविसाव्या वर्षी स्टेथोस्कोप. आणि ही झाली क्रिकेटची गोष्ट, जिथे लिलाव तरी होतो. बास्केटबॉलवाल्याला इसार द्यायला कोणता व्यापारी येणार आहे? तुम्ही त्याच्या जागी असता तर पोराला कोणत्या गाडीत बसवलं असतं?

तुम्ही म्हणाल खेळाच्या. खोटं.

गाडीवरून आठवलं. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला रस्त्यावर ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकलं गेलं. गिनेस बुकात नोंद आहे. त्याच्याआधी तो रस्ता किती वर्षं उखडलेला होता, त्याची नोंद आमच्या मणक्यात आहे. पोरांचंही तसंच. वर्षानुवर्षं खड्ड्यातून जातात, कुणी बघत नाही. मग एका रात्रीत ३३ चेंडूंत ८५ होतात आणि आपण विक्रमाच्या फलकाजवळ उभे राहून फोटो काढतो.

अथर्वचं पुढे काय झालं, ते राहिलंच. 'गेलेला' अथर्व ऑक्टोबर २०२५ मध्ये जामठ्याला इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध १४३ करून गेला, विदर्भ जिंकला. जानेवारी २०२६ मध्ये विजय हजारे करंडकाच्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध १२८, विदर्भ पुन्हा जिंकला. आणि जितेश? त्याने २०२५ मध्ये विदर्भ सोडून बडोदा धरलं, आणि २०२६ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या संघात त्याचं नाव आलं नाही. एकाच वर्षात 'गेलेला' आला आणि 'आलेला' गेला. टपरीने दोन्ही ठराव तेवढे अदलाबदल करून घेतले, तारीख बदलायची गरज पडली नाही.

माझ्याकडे एक जुनी डायरी आहे. बातमीदारीच्या सवयीने टपरीवरची भाकितं मी तारखेसह टिपून ठेवतो. छंद वाईट आहे, मित्र कमी होतात.

त्या बास्केटबॉलच्या सामन्यानंतर आमच्या चौकातल्या भाऊंना ती दाखवली. भाऊ म्हणजे समितीचे तहहयात अध्यक्ष. पान उघडलं. जानेवारी २०१८, अथर्व, 'दोन वर्षांत इंडिया'. खाली २०२१, 'गेला'. पुढचं पान. २०१६, जितेश, 'धोनी संपला'. मग २०१९, 'टिकीट चेकर होईन रेल्वेत'. मग जून २०२५, 'म्या तं आधीच सांगतलं होतं'. सगळी वाक्यं भाऊंचीच. तारखा माझ्या.

भाऊंनी चष्मा कपाळावर ढकलला. डायरी जरा लांब धरली, जवळ धरली. एखाद्या पानावर तरी थांबतील असं वाटलं होतं.

"अक्षर चांगलं हाये तुमचं," ते म्हणाले. "पण..."

तेवढ्यात समोरून एक पोरगं पाठीवर किट बॅग घेऊन सायकलवर गेलं. असेल तेरा-चौदाचं. भाऊंनी डायरी बरणीवर ठेवली आणि मान लांब केली.

"मनगट पाहा त्याचं," भाऊ म्हणाले. "दोन वर्षं. लिहून घ्या."